हेड किती घासायचं, अण्णा?

"कळलं का, बाई? कोपऱ्यावरच्या सायबांच्या फियाटचं गॅस्केट परत उडलं."

अण्णा दोन्ही कोपरं कंपाउंडच्या भिंतीवर टेकवून बोलायला लागले की बातमी पक्की समजायची. एक कोपर टेकवलं तर ऐकीव. आज दोन्ही होती, शिवाय खांद्यावर काळं फडकं.

"परत? आत्ताच तर नवं टाकलं होतं ना?"

"टाकलंवतं की. रविवारी तुळजापूरला निघाले सहकुटुंब. घाट लागला आन् इंजिनात टकटक टकटक सुरू. सायेब म्हणतेत, टॅपेट वाजत असतील. अर्ध्या घाटात पांढरा धूर. शेवटी देवीचं दर्शन टेम्पोत बसून."

मी कढीपत्त्याची फांदी तोडायला आले होते, ती हातातच राहिली. साहेबांचं वाईट वाटलं असं म्हणणं सभ्यपणाचं, पण गेले काही दिवस 'आमच्या गाडीचं पिकअप बघा' असं गल्लीभर ऐकवून झालं होतं, तेव्हा थोडी मजाही वाटली.

"त्या मेकॅनिकनं हेड मारलं होतं म्हणे, घासून कॉम्प्रेशन वाढवायला, पिकअपसाठी."

"मारलं ना. किती मारलं म्हणून मी त्यांच्या बोरिंगवाल्याला विचारलो. तर म्हणतो, बघून मारलं! बघून? अवो, हेड हाय का कलिंगड?"

अण्णा नरसिंग गिरजी मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडून जमाना झाला, पण मायक्रोमीटर अजून मखमलीच्या डबीत आहे. न मोजता धातू कापणारा माणूस त्यांच्या लेखी खिसेकापूच्या एक पायरी खाली. मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळे या बाबतीत आमचं जमतं. बाकी राजकारणात अजिबात जमत नाही, तो विषय भिंतीवर काढायचा नाही असं अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, ठरवून टाकलंय.

सध्या त्यांच्या अंगणातही एक हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उलटं पडलेलं आहे. त्यांची प्रीमियर पद्मिनी, 1985 ची. साहेबांची गाडी त्याहून जुनी. पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला 2021 च्या नियमानं 'व्हीए' अक्षरांचा मानाचा नंबर मिळतो, तो घ्यायचं त्यांच्या डोक्यात होतं. पण त्या नियमात गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, असं स्पष्ट लिहिलंय. शिवाय तो नंबर घेतला की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. अण्णांना असला मान नको. त्यांना गाडीतून मंडईत जायचंय.

"मग तुम्ही पण कॉम्प्रेशन वाढवणार म्हणता, ते कसं?"

"मी मोजून वाढवणार, बाई. आन् पैशे जास्तीचे न घालता."

आता हे ऐकल्यावर कढीपत्ता कोण बघतो?

अण्णांचं म्हणणं असं की कॉम्प्रेशन वाढवायच्या आधी गेलेलं परत आणावं. हेड काढण्यापूर्वी त्यांनी प्लगच्या भोकात गेज लावून चारही सिलिंडरचा दाब बघितला होता. तीन सिलिंडर 115 ते 120 पीएसआयच्या घरात आणि तिसऱ्या नंबरचा 80. त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत गेज लावला. आकडा वाढला असता तर रिंगा झिजल्या म्हणायच्या. तो हलला नाही, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. "शंभर रुपयाची ग्राइंडिंग पेस्ट आन् हाताला चोळायचा दम, एवढ्यात चाळीस पीएसआय परत येतंय. सायबांच्या मेकॅनिकनं ते केलंच न्हाई, थेट हेड मारायला नेलं."

"पण कॉम्प्रेशन रेशो वेगळा ना?"

"तो वेगळा. त्याला तुमचं गणित लागतंय."

गणित सोपं आहे. पद्मिनीच्या इंजिनाचा बोअर 68 मिलिमीटर आणि स्ट्रोक 75. एका सिलिंडरचे होतात 272 सीसी, चाराचे मिळून 1089. पिस्टन पार वर आला की त्याच्या डोक्यावर जेवढी जागा उरते, तेवढ्यात हे सगळं मिश्रण दाबलं जातं. वरची जागा जितकी कमी, तितकं ते जास्त दाबलं जाणार, आणि त्याच पेट्रोलमधून काम थोडं जास्त निघणार. फार दाबलं तर ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं, आणि घाटात टकटक ऐकू येते. तशातच ॲक्सिलरेटर दाबून धरला, वर वैशाखातलं सोलापूर, तर गॅस्केट जातं. गॅस्केटवर भागलं तर नशीब, नाहीतर पिस्टनलाच भोक.

"मग कंपनीनं मुळात कमी का ठेवलं होतं? त्यांना कळत नव्हतं का?"

"त्यांना पेट्रोल कळत होतं."

हे मात्र खरं. ही गाडी नवीन होती त्या काळात पंपावर साधं पेट्रोल कमी ऑक्टेनचं मिळायचं. आडगावच्या पंपावरचं पेट्रोल पिऊनही गाडी ठोकली नाही पाहिजे, या हिशोबानं इंजिन बांधलेलं. मूळ आराखडा तर त्याहून म्हातारा: 68 बाय 75 चं हे इंजिन फियाटनं 1937 साली 508 सी या गाडीत आणलं, तेव्हा ते बत्तीस घोड्यांचं होतं. आपल्याकडे पद्मिनीत येईपर्यंत चाळीस झाले. सगळे काही कॉम्प्रेशनमुळे नाही, कार्ब्युरेटर आणि कॅमचाही त्यात वाटा, पण मधल्या वर्षांत फियाटनं स्वतःच कॉम्प्रेशन टप्प्याटप्प्यानं वर नेलं होतं. अण्णा वेगळं काही करत नाहीयेत, फक्त पुढचा टप्पा अंगणात चाललाय.

"आन् बाई, गाडी आपल्याच गावची हाय. इसरू नका."

हे अण्णा दर खेपेला सांगतात आणि मी दर खेपेला मान डोलावते, कारण त्यात तथ्य आहे. वालचंद हिराचंद 1882 साली सोलापुरात जन्मले. 1940 मध्ये बेंगळुरूला विमानाचा कारखाना काढला, 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या गाड्या, मग फियाट, ज्या गोलमटोल फियाटला लोक 'डुक्कर फियाट' म्हणायचे ती. पुढे 1964 ची डिलाइट, आणि तीच नाव बदलून सत्तरीत पद्मिनी झाली. वालचंद 1953 लाच गेले, पद्मिनी काही त्यांनी पाहिली नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरात पानं भरून आलं होतं. त्यात सोलापूरचं नाव किती जणांनी घेतलं, तो अण्णांचा आणखी एक राग.

तर मोजमाप. माझ्याकडे शिकवणीच्या काळातला 50 मिलिलीटरचा ब्युरेट होता, तो मी भिंतीवरून दिला आणि मागोमाग स्वतःही फाटकातून गेले. काच दुसऱ्याच्या अंगणात एकटी सोडवत नाही.

हेड ॲल्युमिनियमचं, दोन लाकडी ठोकळ्यांवर उलटं ठेवलेलं. व्हॉल्व्ह घासून बसवलेले, प्लग आवळलेले. एका चेंबरच्या कडेनं बोटानं ग्रीसची बारीक रेघ ओढली आणि त्यावर फोटोफ्रेमवाल्याकडून कापून आणलेला ॲक्रिलिकचा चौकोन दाबून बसवला. चौकोनाला कडेशी एक भोक. हेड अगदी किंचित तिरपं केलेलं, भोक वरच्या अंगाला यावं म्हणून. डिझेलमध्ये टू-स्ट्रोक ऑइलचा थेंब टाकून रंग आणला आणि ब्युरेटमधून सोडायला लागले. प्लास्टिकखाली रंगीत डिझेल पसरत जातं, एक बुडबुडा भोकाकडे सरकतो, अडतो, अण्णा ॲक्रिलिकवर नखानं टिचकी मारतात, बुडबुडा निघून जातो. आकडा मी वाचला, कारण ब्युरेट डोळ्याच्या रेषेत धरून वाचायची सवय त्यांना नाही. 37. दुसरं चेंबर 37.4, तिसरं 36.8, चौथं परत 37. अण्णा खूश. चारही एकसारखी असणं हे कमी-जास्त असण्यापेक्षा महत्त्वाचं, नाहीतर एक सिलिंडर ठोकतो आणि बाकीचे तीन निवांत.

मग ब्लॉकवर पिस्टन पार वर आणून तसंच ॲक्रिलिक लावलं: पिस्टनच्या वर दीड सीसी. दाबल्या गेलेल्या जुन्या गॅस्केटची जाडी मायक्रोमीटरनं मोजली, भोकाच्या क्षेत्रफळानं गुणली: साडेचारच्या वर थोडं. बेरीज 43. कालनिर्णयच्या मागच्या पानावर मी भागाकार मांडला. 272 भागिले 43 अधिक एक, म्हणजे सात पूर्णांक तीन.

"आता बघा फुकटातलं," अण्णा म्हणाले.

बोअर झिजून लांबट झाला होता, त्यामुळे बोरिंग करावंच लागणार होतं. पिस्टन चाळीस थाऊ ओव्हरसाइज मिळाले, म्हणजे एक मिलिमीटर मोठे. बोअर 69 झाला की एका सिलिंडरचे 272 चे 280 सीसी होतात. वरची जागा तीच. परत भागाकार: साडेसात. कशाला हात न लावता सात-तीनवरून साडेसात. खर्च तर पिस्टनसाठी होणारच होता.

"आणि हेड?"

"हेड बी तसंच. गाडी एकदा तापली होती, हेड वाकलंय. पट्टी लावून फिलर गेज घातला तर मधी जातोय. फेसिंग करावंच लागतंय. लेथवाला सपाट करायचे जेवढे घेतो, तेवढ्यातच एक मिलिमीटर काढून देतो. त्याला काय, टेबल आणखी दोनदा फिरवायचं."

आणि मग त्यांनी जे केलं ते बघून मला खरंच वाटलं की हे पोरांना शिकवायला हवं होतं. किती सीसी गेले म्हणजे किती मिलिमीटर घासायचं, हे सूत्रानं निघत नाही, कारण चेंबरचा आकार वेडावाकडा असतो. अण्णांनी ॲक्रिलिक काढलं, हेड पाणपातळीनं अगदी सपाट केलं, आणि चेंबरमध्ये पूर्ण 37 ऐवजी 34 सीसीच डिझेल सोडलं. मग डेप्थ गेजचा दांडा काठावरून हळूहळू खाली नेला, डिझेलला टेकेपर्यंत. टेकल्याबरोबर डिझेल दांड्याला चिकटून वर उचललं जातं, तो क्षण पकडायचा. आकडा आला एक मिलिमीटरला किंचित कमी. इतकं हेड घासलं की चेंबर 34 चं होणार. ना सूत्र, ना अंदाज.

40 सीसी वरची जागा, 280 खालची. बरोबर आठ.

"आणखी थोडं घ्या की. साडेआठ करा," मी चढवलं. खरं म्हणजे बघायचं होतं काय म्हणतात ते.

"नगं. ह्या हेडची जाडी आधी कुणी कमी केली का म्हाईत न्हाई. पानी खेळायला मधी पोकळी असती, वरची भिंत पातळ झाली की परत वाकतंय. आन् सोलापूर हाय हे, माथेरान न्हाई."

मग मी माझ्या बाजूनं थंड पाणी ओतलं. सात-तीनवरून आठवर गेल्यानं पुस्तकी हिशोबानं फायदा तीन टक्क्यांचा. चाळीस घोड्यांवर सव्वा घोडा. बोअरमुळे आणखी साधारण तेवढाच. दोन-अडीच घोड्यांसाठी एवढा खटाटोप? अण्णा शांतपणे म्हणाले, खटाटोप ओव्हरहॉलिंगचा आहे, तो होणारच होता. घोडे वरताळ्याचे. यावर मला उत्तर सुचलं नाही. घोड्यांपेक्षा घाटात गिअर लवकर उतरवावा लागणार नाही, हे त्यांना जास्त मोलाचं. साहेबांच्या ओळखीच्या कुणी तर म्हणे परदेशातून उंच डोक्याचे पिस्टन मागवले, आणि कस्टमच्या बिलाचा आकडा ऐकून घरात दोन दिवस चूल शांत होती. खरंखोटं देवाला ठाऊक, हे एका कोपरावरचं आहे.

हेड घासलं की एवढ्यावर भागत नाही. साहेबांच्या घोड्यानं नेमकी तिथे पेंड खाल्ली. घासल्यावर चेंबरची कड ब्लेडसारखी धारदार होते, ती तापून लाल होते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. ती सुती पॉलिश पेपरनं गोल करावी लागते. अण्णांचा बोरिंगवाला म्हणतो, साहेबांच्या हेडची कड बोट कापेल अशी होती. शिवाय इग्निशन टायमिंग जुन्याच जागी. दाब वाढला की ठिणगी दोन-चार अंश उशिरा द्यावी लागते, डिस्ट्रिब्युटर एवढासा फिरवायचा, त्याला पैसा लागत नाही. हेड खाली आल्यानं पुशरॉड तेवढेच लांब वाटायला लागतात, तेव्हा रॉकरच्या स्टँडखाली पातळ शिम टाकायची आणि टॅपेट नव्यानं बांधायचे. या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये आहे, म्हणून हेड घासून व्हॉल्व्हचं टायमिंग बिघडत नाही, हा जुन्या बांधणीचा एक गुण. व्हॉल्व्ह पिस्टनला धडकत तर नाही ना, यासाठी आमच्या नातवाच्या मातकामातली चिकणमाती पिस्टनवर थापली, जुनं गॅस्केट घालून हेड आवळलं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवून परत उघडलं. मातीत व्हॉल्व्हचा ठसा, सुरीनं मधोमध कापून सर्वांत पातळ जागा मोजली, हेडचा घासायचा एक मिलिमीटर वजा केला, तर अडीच मिलिमीटर. दोनच्या खाली आलं असतं तर काळजी.

नातवाला माती परत हवी होती. ती मिळाली, पण डिझेलचा वास आता तिच्या जन्माचा सोबती.

"पण अण्णा, ही आठची चैन आज चालते ती पेट्रोलमुळेच ना?"

"उसामुळं म्हणा."

तेही खरं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलचं ऑक्टेन 108 च्या आसपास, त्यामुळे हे मिश्रण 95 चं भरतं. कमी ऑक्टेनसाठी बांधलेल्या इंजिनाला 95 चं पेट्रोल पाजून कॉम्प्रेशन जुनंच ठेवायचं म्हणजे नुकसान दोन्हीकडून, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, ॲव्हरेज घसरतो; तो थोडातरी भरून काढायचा तर कॉम्प्रेशनच वाढवायला हवं. आपल्या जिल्ह्यात तिसाच्या वर साखर कारखाने, अकलूजपासून अक्कलकोटपर्यंत मळीचा वास ओळखीचा. आणि गंमत बघा, वालचंदांनी गाडीच्या आधी साखर केली होती. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर त्यांचंच. एकाच माणसाचे दोन धंदे नव्वद वर्षांनी अण्णांच्या अंगणात एका सिलिंडरमध्ये भेटतायत.

"भेटू द्या, पण माझा पंपाचा डायफ्राम खाल्ला त्या उसानं," अण्णा म्हणाले. "जुना रबर हाय, फुगतोय. पायपा बी तशाच. सायबांनी त्या बी बदलल्या न्हाईत. गॅस्केटचं निस्तरल्यावर आता पेट्रोल गळणार बघा."

"ते सांगा की त्यांना मग."

"सांगितलो. म्हणले, माझा मेकॅनिक बघून घेईल."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प बसलो. 'बघून' या शब्दाचा आता गल्लीत स्वतंत्र इतिहास झालाय.

कार्ब्युरेटरचा प्रश्न राहिला होता. नुसत्या पेट्रोलला एका भागामागे 14.7 भाग हवा लागते, वजनानं, इथेनॉलला नऊच. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेट जुनाच ठेवला तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते, इंजिन तापतं, आणि तापलेल्या इंजिनात वाढवलेलं कॉम्प्रेशन म्हणजे पुन्हा घाटातली टकटक. मी हिशोब करून दिला: पेट्रोल आठेक टक्के जास्त जायला हवं, म्हणजे जेटचं भोक व्यासानं चार टक्के मोठं. एक नंबर वरचा जेट पुरे. अण्णा म्हणाले, कन्ना चौकातल्या दुकानात जुन्या जेटांचा डबा आहे, त्यात सापडेल. भोक पिननं मोठं करायचा सल्ला कुणीतरी दिला होता, तो त्यांनी जागच्या जागी उडवून लावला.

"पायपा मीटरवर मिळतेत, इथेनॉलला चालणाऱ्या. दोन मीटर सांगतोय. तुमच्यासाठी बी घेऊ का?"

"मला कशाला?"

"माळ्यावर ती प्रिया स्कूटर पडली हाय ना तुमच्या यजमानांची. तिचं बी हेड काढून बघू. ब्युरेट तर हाताशीच हाय."

"अण्णा, आधी तो ब्युरेट साबणानं धुऊन परत द्या. आणि प्रियाचं नाव अक्कांसमोर काढू नका, तुमचीच गाडी अजून दगडांवर आहे म्हणून त्या मला बोलतील."

"बोललीच की सकाळी," अण्णा म्हणाले, आणि हेड फडक्यात गुंडाळून लेथवाल्याकडे निघाले.